किल्ली, कीली आणि राजगढ

राजगढला जाऊन आलो असं कॉलेजात सांगितलं, तेव्हा स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याने लगेच विचारलं, "पाली दरवाजाने चढलात की गुंजवण्याकडून?" मी म्हटलं, "चढलो नाही हो, बाजारात अडकून पडलो." त्याला काही कळेना. दोष त्याचा नाही. आपल्याकडे राजगड म्हटलं की शिवाजी महाराजांचा राजगड, दुसरा कुठला असणार? पण मी गेलो होतो तो राजगढ मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यात. भोपाळच्या वरच्या अंगाला त्याच नावाचा एक अख्खा जिल्हाही आहे, तोही हा नव्हे. हा इंदूरहून अहमदाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धारच्या पश्चिमेला, सरदारपूरजवळ आहे. डोंगर नाही, तट नाही, बुरूज नाही. बाजारपेठ आहे, आणि त्या बाजारपेठेतल्या एका उतारावर आमच्या मोटारीची किल्ली इग्निशनमध्ये अडकली. त्याची ही हकीकत.

आधी आम्ही तिकडे का गेलो ते सांगायला हवं. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, पंचाहत्तरीला आलेत. सरकारी बसवर बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. मूळ गाव सुळेभावीच्या शेजारचं. आता बेळगाव भागातल्या वाचकांना सुळेभावी म्हटल्यावर पुढचं सांगायला नको, तरी सांगतो. कुमार गंधर्वांचा जन्म तिथला, ८ एप्रिल १९२४चा. नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. घरची भाषा कन्नड. पुढे मुंबईला देवधर मास्तरांकडे शिक्षण, मग क्षयाचा आजार, आणि कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८च्या जानेवारीत देवासला मुक्काम हलवला तो कायमचा. १२ जानेवारी १९९२ला ते तिथेच गेले. मामांना गाण्यातलं शास्त्र कळतं असं मी म्हणणार नाही. पण धारवाड आकाशवाणीने त्यांना जे ऐकवलं ते त्यांनी ऐकलं, आणि आपल्या शेजारच्या गावचा मुलगा इतक्या लांब जाऊन का राहिला, ते गाव एकदा बघायचं, हे त्यांच्या मनात बरीच वर्षं होतं. रेल्वेने जायला ते तयार नव्हते. रस्त्याने जायचं, म्हणाले. ड्रायव्हरने रेल्वेने जायचं म्हणजे हलवायाने दुसऱ्याच्या दुकानातले पेढे खायचे.

तेव्हा पुणे, नाशिक, धुळे, सेंधवा असे मुक्काम करत आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि मामा, आमच्या अकरा वर्षांच्या जुन्या मोटारीने निघालो. चालवणार अर्थातच मी. मामा माझ्या शेजारी. या "अर्थातच"मागे एक गोष्ट आहे आणि ती मी या सदरात कधी सांगेन असं वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मामांना काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसतं, बाजूचं कमी दिसतं, असा तो प्रकार. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या आठवड्यात आपली जुनी गाडी काढताना शेजाऱ्यांच्या स्कूटरला घासली. कुणाला लागलं नाही. पण घरात कुजबुज सुरू झाली. त्यांना सांगायचं कुणी? मेहुणा म्हणाला, भावजी तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. बायको म्हणाली, तुम्हीच सांगा. आणि मी, जो वर्गात शंभर मुलांसमोर तास तास बोलतो, तो काय केलं असेल? एका दुपारी त्यांच्या खुंटीवरची किल्ली उचलली, कॉलेजात नेली आणि माझ्या टेबलाच्या खणात टाकली. संध्याकाळी ते विचारत होते तेव्हा म्हटलं, "कुठे पडली असेल, मामा." चार दिवस ते घरभर शोधत होते. तुळशीच्या कुंडीतसुद्धा बघितलं. पाचव्या दिवशी त्यांनी शोधणं सोडलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

असो. देवासला टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल' हे कुमारजींचं घर आम्ही बाहेरूनच पाहिलं. मामा फाटकापाशी बराच वेळ उभे होते. बोलले काही नाहीत. मग गावात फिरताना मी त्यांना देवासची गंमत सांगितली, ती आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना जास्त कळावी अशी आहे. पवार घराण्यातल्या तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांची इथे दोन संस्थानं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, राजे दोन, आणि हद्द गावातूनच गेलेली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून इथे राहिला होता आणि त्या दिवसांवर त्याने १९५३मध्ये 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक काढलं. मामांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मग बस स्टँड कुणाच्या हद्दीत?" बत्तीस वर्षांच्या नोकरीचा प्रश्न होता तो. मला उत्तर आलं नाही.

देवासहून धारला आलो. तिथे पुन्हा पवारच. दुसरा बाजीराव धारच्या किल्ल्यात १७७५मध्ये जन्मला, हे मी परीक्षेत विचारलेलं आहे, किल्ला मात्र आता बघितला. आणि धारहून राजगढला जायचं कारण आमच्या गल्लीतल्या जैन कुटुंबाची आजी. राजगढला लागूनच मोहनखेडा हे श्वेतांबर जैनांचं मोठं तीर्थ आहे. आचार्य राजेंद्रसूरींचं १९०६मध्ये राजगढला निधन झालं, त्यांची समाधी मोहनखेड्याला. "एवढ्या जवळ जाताय तर माझा नमस्कार पोचवा," असं आजींनी निघताना सांगितलं होतं. नमस्कार पोचवला, दुपारी परत फिरलो, आणि चहा घ्यावा म्हणून राजगढच्या बाजारात थांबलो.

जागा मिळाली ती उतारावर, एका वही-पेन्सिलीच्या दुकानासमोर. गाडी लावली, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं. किल्ली ओढली. येईना. पुन्हा ओढली. गाडीतला रेडिओ तसाच चालू. किल्ली शेवटच्या घरापर्यंत जातच नव्हती, एक घर अलीकडे अडून बसली होती. पुढे चालू होत होती, मागे येत नव्हती.

"एन् आय्तु?" बायकोने विचारलं.

"किल्ली अडकली."

"कीली की कीलीकै?"

आमच्या घरात हा घोळ लग्नापासूनचा आहे. मराठीत किल्ली म्हणजे जिने कुलूप उघडतं ती. बायकोच्या कन्नडात कीली म्हणजे कुलूपच, आणि ते उघडायची ती कीलीकै, म्हणजे कुलपाचा हात. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात तिने मला "कीली घेऊन या" असं अर्ध्या मराठीत सांगितलं आणि मी तिच्या हातात किल्ली दिली, तेव्हा दारात उभ्या असलेल्या सासूबाई हसून बेजार झाल्या होत्या. तिसरा शब्द चावी, तो पोर्तुगीजांकडून आला. राजगढच्या बाजारात चालला तो त्याचा भाऊ, चाबी. "चाबी फँस गई क्या, भैया?" म्हणत दोन मिनिटांत पाचसहा माणसं जमली.

आणि माणसं भली होती, हे आधी लिहितो. एकाने पाणी आणून दिलं. एकाने मागून येणाऱ्या टेम्पोला बाजूने काढलं. एक तरुण पोरगा पक्कड घेऊन आला, "खींच दूँ?" कोपऱ्यावरचा गॅरेजवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, लॉकच बदलावं लागेल, सामान इंदूरहून येईल, तीन-चार हजार धरा, उद्या संध्याकाळपर्यंत होईल. गाडी सोडून जावं तर किल्ली आत, सामान आत, काच वर केली तरी कुलूप लावता येत नाही. रेडिओ बॅटरी खातोय. घाम फुटला. मी त्या पोराच्या हातातली पक्कड घेतली. किल्लीला लावलीही.

"मास्तर," मामा म्हणाले. मला ते नावाने हाक मारत नाहीत, जावईबापूही म्हणत नाहीत, पहिल्या दिवसापासून मास्तर. "ती ठेवा. तुटली की अर्धी आत राहते."

मी पक्कड परत दिली. ते दार उघडून उतरले, पलीकडून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि उभे राहिले. मी सीटवर, ते दारात. "सरका," असं ते म्हणाले नाहीत. मलाच दोन क्षण लागले. मग मी उतरलो. दोन वर्षांनी मामा स्टिअरिंगमागे बसले.

पुढची दहा मिनिटं त्यांनी काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण हे कुणाच्याही गाडीत होऊ शकतं. पहिल्यांदा त्यांनी रेडिओ बंद केला. गिअर न्यूट्रल आहे ना, पाहिलं. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांत दांडा 'पी'वर पूर्ण बसला नसेल तर किल्ली सुटतच नाही, आणि त्यातल्या काही गाड्यांत बॅटरी उतरली तरी ती अडकून राहते. आमची तशी नव्हती, तरी सवयीने त्यांनी पाहिलं. मग चाकं बघितली. पुढचं चाक कडेच्या दगडाला टेकून तिरकं झालं होतं. स्टिअरिंगचं कुलूप म्हणजे एक लोखंडी खिट्टी, ती स्टिअरिंगच्या दांड्यात शिरते. चाकाचा जोर दांड्यावर असला की खिट्टी घट्ट धरली जाते, आणि मग किल्ली आत घालून फिरवायला गेलं तर ती फिरतच नाही. असं झालं तर एका हाताने स्टिअरिंग हलकं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्या हाताने किल्ली फिरवायची, जोर न करता. आमचं दुखणं ते नव्हतं, पण त्यांनी आधी स्टिअरिंगवरचा ताण काढून टाकला. "एकेक कारण बाजूला काढायचं," ते म्हणाले. मी हेच मुलांना व्याकरण शिकवताना सांगतो.

मग त्यांनी किल्लीला लटकणारा माझा जुडगा हातात धरून तोलला. त्यात घराची, कॉलेजच्या कपाटाची, स्कूटरची, पत्रपेटीची किल्ली, वर देवाचा पितळी बिल्ला आणि एक पेन ड्राइव्ह. "हे काय, घंटा बांधलीय?" कडीतून त्यांनी एकटी गाडीची किल्ली मोकळी केली. हे नुसतं म्हाताऱ्याचं बोलणं नव्हे. २०१४मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सला अशाच कारणाने सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्या गाड्यांचा इग्निशनचा स्विच इतका सैल होता की जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने किल्ली धावत्या गाडीत मागे सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि अपघातात एअरबॅगही उघडायच्या नाहीत. भरपाई देण्यासाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू मान्य केले. आपल्या गाड्यांत तो दोष असेल असं नाही, पण रोज धक्के खाणारा जुडगा आतलं कुलूप झिजवतो हे खरं.

आणि आतलं कुलूप म्हणजे काय? मामांनी मला ते त्या सीटवर बसून, बोटांनी हवेत काढून दाखवलं. किल्ली ज्यात शिरते ती एक नळी असते. नळीत पातळ पितळी पट्ट्या ओळीने बसवलेल्या, प्रत्येकीमागे बारीक स्प्रिंग. किल्लीचा प्रत्येक दात एकेका पट्टीला नेमक्या उंचीवर आणतो. सगळ्या पट्ट्या सारख्या आल्या की नळी फिरते. आणि एकदा फिरली की पट्ट्यांना वरखाली व्हायला जागा उरत नाही, त्या किल्लीला धरून ठेवतात. म्हणून चालू गाडीत किल्ली ओढून निघत नाही. नळी पुन्हा पहिल्या जागी पूर्ण आली तरच पट्ट्या हलतात आणि किल्ली सोडतात. तेव्हा किल्ली निघत नाही याचा अर्थ नळी पूर्ण मागे आलेली नाही. जोर किल्ली ओढण्यावर लावून उपयोग शून्य. मी तेच करत होतो.

"आता शेवटच्या घरात जाताना हिला आत दाबावी लागते," ते म्हणाले. खरंच, आमच्या गाडीत तसं आहे. धावत्या गाडीत चुकून स्टिअरिंगला कुलूप लागू नये म्हणून बनवणारे ती अट घालतात: आधी किल्ली आत दाबा, मग मागे फिरवा. हाताला इतकी सवय होते की आपण दाबतो हेही विसरतो. ते दाबत होते, पण आत जात नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तेल घातलं होतं?"

घातलं होतं. उन्हाळ्यात किल्ली जरा जड फिरते म्हणून शिलाई मशीनचं तेल चार थेंब सोडलं होतं, आणि स्वतःवर खूश झालो होतो. तेल आत राहतं, धूळ धरतं, त्याचा चिकटा होतो, हे मला त्या दिवशी कळलं. मामा समोरच्या दुकानाकडे बघून म्हणाले, "पेन्सिल आणा. मऊ. आणि ब्लेड."

पाच रुपयांची पेन्सिल. शिसं म्हणतो आपण, पण ते ग्राफाइट, कोरडं वंगण. त्यांनी ब्लेडने त्याची पूड माझ्या वहीच्या पानावर पाडली, कागदाचा नळा केला आणि किल्लीच्या कडेने जेवढी जाईल तेवढी आत फुंकली. मग किल्ली आतबाहेर नव्हे, नुसती एक केसभर पुढेमागे हलवत राहिले. सुरू करायच्या बाजूला जरा, मागे जरा. पुन्हा पूड. मध्ये एकदा थांबून त्यांनी पोरांना सांगितलं, आमच्या बसला हे नव्हतं, आमच्या जुन्या डिझेल गाड्यांत इंजिन बंद करायला एक दोर ओढायचा, की डिझेल बंद. हे त्यांनी कन्नडात सांगितलं. बायकोने हिंदी केलं. पोरं माना डोलवत होती.

बारीकसा खट् असा आवाज झाला, इतका बारीक की मला ऐकूच आला नाही. त्यांना बोटांत कळला. किल्ली मागे गेली आणि त्यांच्या हातात आली.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. चहा आला, त्याचे पैसे कुणी घेईना. गॅरेजवाला पुन्हा येऊन किल्ली उजेडात धरून बघून म्हणाला, दात झिजलेत, नवीन करून घ्या, पण झिजलेल्या किल्लीवरून नको, झीजही तशीच उतरते; कंपनीच्या नंबरावरून करा. बरोबर बोलला. गावी येऊन तसंच केलं.

गर्दी पांगली. मामा सीटवरून उठले नव्हते. किल्ली तळहातावर घेऊन बघत होते. बायको दुकानात पेन्सिलीचे पैसे द्यायला गेली होती. मी दारात उभा. रस्त्याकडेच बघत ते हळू म्हणाले,

"आ कीलीकै सिक्तेनु, मास्तर?"

ती किल्ली सापडली का?

इतकी वर्षं त्यांच्या घरात जेवतो, कन्नड मला बोलता येतं, पण त्या वेळी एक शब्द कुठल्याही भाषेत आला नाही. शेवटी म्हटलं, "माझ्याकडे आहे, मामा. कॉलेजात. खणात."

"गोत्तु," ते म्हणाले. माहीत आहे. मग म्हणाले, "मला सांगायचं होतं. मी स्वतः काढून दिली असती. बत्तीस वर्षांत डेपोत रोज किल्ली जमा केली मी."

ते उतरले, वळसा घालून आपल्या जागेवर जाऊन बसले आणि किल्ली माझ्यासमोर धरली. मी गाडी सुरू केली. धारपर्यंत कुणी काही बोललं नाही. मागच्या सीटवरून बायको विचारत होती, काय झालं, तर मामा म्हणाले, काही नाही, ब्रेक जरा उशिरा लावतात हे.

गावी परतल्यावर सोमवारी पहिल्या तासाआधी खण उघडला. प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ती होती. संध्याकाळी नेऊन त्यांच्या हातात दिली. मेहुण्याला हे पसंत नाही, त्याने मला फोनवर तसं स्पष्ट सांगितलं, आणि त्याचंही चूक आहे असं मी म्हणत नाही. किल्ली आता पुन्हा खुंटीवर असते. दर रविवारी सकाळी मामा गाडीचं कापड काढतात, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवतात, बंद करतात, किल्ली काढतात, कापड घालतात. फाटकाबाहेर गाडी गेलेली नाही. गेल्या रविवारी मी तिथेच होतो. त्यांनी खिशातून अर्धी झालेली पेन्सिल काढली, राजगढचीच, आणि म्हणाले, तुमची गाडीपण आत घ्या मास्तर, बघू या.